चाळीस दिवे, एक पाचर

प्रिय प्रज्वल,

फोन तू उचलत नाहीस, आणि मला बोलायला येतं तेवढं लिहायला येत नाही. तरी लिहिते. चौथी शिकलेली बाई आहे, काना-मात्रा सुटल्या असतील तर त्या तू घालून घे. उद्या शेजारच्या इंदुताई अंबाजोगाईला निघाल्यात, त्यांच्या पिशवीत देते. मावशीच्या घरात सगळ्यांसमोर वाचू नकोस. आणि पुरतं वाचल्याशिवाय फाडू नकोस. तुझा राग मला ठाऊक आहे, माझ्याकडूनच आलाय तो.

दिपाली म्हणाली, कंपनीच्या कागदावर तू सही करतोयस. तिच्या मोबाइलवर तो कागद आहे, तिनं मला वाचून दाखवला. प्रेसच्या डाव्या बटणात तू तुझ्याच मनानं पाचर मारलीस, त्यात डाव्या हाताची दोन बोटं गेली, दुसऱ्या कोणाचा काही संबंध नाही, असं लिहिलंय. सोमवारी त्यांचा माणूस सहीसाठी तिकडं येणार म्हणे. त्याच्या आत हे तुला मिळायला पाहिजे.

इकडं बरं आहे. पाणी एक दिवसाआड येतंय. तुझे पप्पा फर्स्ट शिफ्टला जातात, येतात, जेवतात, टीव्हीकडं तोंड करून बसतात. तुझं नाव काढत नाहीत. काढलंच तर ‘चीटर निघाला’ एवढंच. मी ऐकून घेते. का ऐकून घेते ते पुढं सांगते.

गेल्या रविवारी दिपाली दिघीहून आली. तुझा गेमचा डबा मी पोत्यात बांधून भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवला होता. ती दारातूनच ओरडली, ‘आई, डोकं फिरलंय का तुझं?’ पोतं सोडलं, वायरी टीव्हीला लावल्या आणि मला म्हणाली, बस इथं, बघ तरी कशावर राग काढतेस. मी म्हटलं, मला भांडी पडलीत. ती म्हणाली, भांडी पळून जात नाहीत. बसले.

तुझा तो घोंगडी पांघरलेला माणूस पडक्या शहरात हिंडत होता. भिंती चढतो, उड्या मारतो, पडला की मरतो, परत उठतो. मला वाटायचं, एवढंच आहे. दिपाली म्हणाली, ह्या शहरात चाळीस दिवे लपवलेत, सगळे पेटवल्याशिवाय शेवटचं दार उघडत नाही. मग तिनं तुझी निळी वही काढली. मला वाटत होतं त्या वहीत तू कॉलेजचं लिहायचास. पानापानावर तुझ्या हातची चित्रं. कुठं विहीर, कुठं जिना, त्याच्या बाजूला बारीक अक्षरात खुणा. एका दिव्यापुढं लिहिलंय, ‘धबधब्यामागं, ओल्या भिंतीला पाठ लावून उजवीकडं सरक. सतरा वेळा पडलो.’ दिपालीनं सांगितलं, त्या एका दिव्यापायी तू दोन महिने घालवलेस. मोबाइलवर बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, पण तू तिलाही बघू दिलं नाहीस.

मी तिला विचारलं, मग ते चीट-चीट म्हणतात ते कुठंय? ती म्हणाली, ते शेवटच्या दाराआड. चाळीस दिवे लागले की तिथं यादी उघडते. न मरण्याचं, न संपणाऱ्या बाणांचं, भिंतीतून जाण्याचं. जो आधी सगळं सरळ खेळून आलाय त्यालाच ती मिळते. आणि त्यातलं एक जरी चालू केलं तरी खाली लाल अक्षरात येतं, की इथून पुढचं खेळणं धरलं जाणार नाही. म्हणजे ती नुसती गंमत. एका चीटनं त्या माणसाचं डोकं आपल्या मोठ्या पातेल्याएवढं होतं. तुझे चाळीसही दिवे लागलेले, म्हणून दिपालीनं ते लावून दाखवलं. त्या डोक्यानं तो दारातून आत जाईना, अडकून बसला. आम्ही दोघी हसलो. दोन महिन्यांत ह्या घरात पहिल्यांदा कोणी हसलं. मग माझं हसू मधेच थांबलं आणि मी भांडी घासायला उठले.

दवाखान्यात मी काय बोलले ते तुला आठवत असेल. सुपरवायझर उभा, पप्पा उभे, इंदुताई डबा घेऊन आलेल्या. सगळ्यांच्या देखत मी म्हटलं, ‘ह्या गेमनं वाटोळं केलं. घरी चीट मारायची सवय, तीच कामावर घेऊन गेला.’ सुपरवायझरनं मान डोलावली. त्याला तेच पाहिजे होतं, आयतं मी दिलं. पप्पांनी ते धरून ठेवलं. तू माझ्याकडं एकदा बघितलंस आणि भिंतीकडं तोंड केलंस. तू का बघितलंस ते मला तेव्हाच कळलं होतं प्रज्वल. तिथंच कळलं होतं. तरी मी तोंड उघडलं नाही.

भोसरीच्या शेडमध्ये मी अकरा वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर काढली. तिथंही दोन बटणं होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायचा, म्हणजे हात डायच्या, त्या साच्याच्या, बाहेर राहणार. पण तसं करत बसलं तर काउंट, म्हणजे दिवसाचे ठरलेले नग, भरत नाही. म्हणून आम्ही सगळ्या बाया डाव्या बटणात पाचर मारायचो. बटण दाबलेलंच राहतं, डावा हात पत्रा लावायला मोकळा. अकरा वर्षं असंच केलं आणि दहा बोटं घेऊन घरी आले. मला त्यात भीतीच वाटेनाशी झाली. वाटायचं, हे कामच असं करायचं असतं.

तू कामाला लागलास त्याच्या आठव्या दिवशी तोंड पाडून आलास. काउंट कमी पडतोय, असंच राहिलं तर काढतील, म्हणालास. मी भाकरी थापत होते. वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, पाचर मार की. तू म्हणालास, ‘आई, शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, ते करायचं नाही.’ मी म्हटलं, सरांना काय काउंट भरायचाय? एवढा मोठा झाला, एक काम धड होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या खाटेच्या मोडक्या पायाची ढलपी काढून मी विळीवर तासली आणि तुझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. संध्याकाळी तू आलास, म्हणालास काउंट भरला. आणि म्हणालास, लाइनीतल्या पाचही प्रेसना काही ना काही ठोकलंय, सुपरवायझर रोज शेजारून जातो. मला किती बरं वाटलं होतं. त्या दिवशी मी शिरा केला होता. बारा दिवस गेले आणि इंदुताईंच्या मोबाइलवर फोन आला.

तू कोणालाच सांगितलं नाहीस. पप्पांनाही नाही, दिपालीलाही नाही. ज्याला दोन मिनिटांचं उत्तर नको होतं, सतरा वेळा पडून दिवा शोधायचा होता, त्याला मी सगळ्यांसमोर चीटर केलं. आणि ती पाचर तासली मी.

आज दुपारी पप्पा जेवायला बसले तेव्हा त्यांना सांगितलं. घास हातात तसाच राहिला. ‘मला का नाही बोललीस?’ म्हणाले. मी म्हटलं, तुम्हीपण हेच सांगितलं असतं पोराला. हात धुतला, पायरीवर जाऊन बसले. थोड्या वेळानं आत येऊन दिपालीला फोन लावला आणि तिच्याकडून मावशीचा नंबर लिहून घेतला. अजून लावला नाही. लावतील. त्यांना वेळ लागतो.

आता कशासाठी लिहिलं ते ऐक. माफ कर म्हणायला लिहिलेलं नाही, ते तुझं तू बघ. त्या कागदावर ‘स्वतःच्या मनानं’ असं लिहिलंय, ते खोटं आहे, म्हणून सही करू नकोस. बुधवारी सरकारी निरीक्षक चौकशीला कंपनीत येणार आहेत. मी जाणार. पाचर मी दिली हे सांगणार, आणि बाकीच्या चार प्रेसचंही सांगणार. लिहून घेतील, नाही घेतील, गेटवरून हाकलतील, बघू. पप्पा सोबत येतो म्हणाले नाहीत, पण बुधवारी शिफ्ट बदलून घेतलीय. तू यायचं तर ये, नको वाटलं तर राहा तिकडं. दोन महिने तू मला झाकून ठेवलंस. आता बाजूला हो.

तुझीच आई,
शालन रंगराव शिंगाडे
काळेवाडी