बटणांचे शेअर आणि साबणाच्या दोन वड्या

हे मृत्युपत्र लिहून ठेवणार मी स्वतः, वय ब्याऐंशी, चौथीपर्यंत शिकलेली, बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं फरशी पुसलेली. गुडघे गेले, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय. कोणाच्या धाकाने लिहीत नाही. मला धाक घालणारा अजून जन्मायचाय.

१. राहती खोली भाड्याची. ती घरमालकालाच लखलाभ, गळक्या नळासकट.

२. बँकेतली शिल्लक थोरल्या मुलाच्या दोन्ही मुलींना सारखी. त्यांच्या बापाच्या हाती देऊ नये.

३. शिडी अकरा वर्षं शेजारणीकडे आहे. ती तिलाच दिली असं समजावं, म्हणजे जिन्यात तोंड चुकवायची थांबेल.

४. कारखान्याचे दोनशे शेअर. एका वर्षी बोनसला पैसे नव्हते म्हणून मालकाने हे कागद दिले. बाकीच्यांनी विकले, मी डब्यात ठेवले. दरवर्षी कंपनीचं जाडजूड पुस्तक येतं. मी त्यात एकच बघते, डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला आम्हाला वाटलेला वाटा.

एकदा पुस्तकभर नफा, मालकाचा हसरा फोटो, आणि डिव्हिडंड निम्म्यावर. थोरला हिशेबनीस. म्हणाला, "आई, नफा बघ केवढा. आणखी घेऊ."

म्हटलं, "बाळा, हंडा भरलेला असताना कोणी चमच्याने वाढत नाही."

निम्मे विकले. चार महिन्यांनी कळलं, गोदामात न खपलेल्या बटणांचे डोंगर. पुढे उलटं झालं. पेपरात कंपनीच्या नावाने रडारड, आणि मालकाने डिव्हिडंड वाढवला. एकदा सैल सोडलेला हात आखडायला मालकांनाही लाज वाटते, म्हणून पुढचं दिसल्याशिवाय ते सोडत नाहीत. विकलेले परत घेतले, स्वस्तात. भाव दुप्पट झाला त्या दिवशी थोरला मान खाली घालून जेवला.

आता लेक. तिचं शिवणकामाचं दुकान आहे. नऊ वर्षं दर एक तारखेला साबणाच्या दोन वड्या आणते. परवा एकच आणली.

"धंदा कसा चाललाय गं?"

"झकास, आई."

म्हणून निम्मे शेअर आजच तिच्या नावावर केले, दुकानाचं भाडं थकलं असेल ते भरायला. उरलेले माझ्या पश्चात तिलाच. दुकान सावरलं का, हे मी विचारणार नाही. वड्या मोजीन. आणि दुसरी वडी आल्याशिवाय मी कुठेही जात नाही.

वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून थोरल्याला बोलावलं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"हिशेब पक्का आहे तुझा. कर सही."

ठिकाण: माझं स्वयंपाकघर. सोमवार, तीन तारीख.

लिहून ठेवणारीची सही (वळणदार आहे, बघून घ्या)

साक्षीदार: १. डॉक्टर. २. थोरला मुलगा, हिशेबनीस. सहीखाली त्याने लिहिलंय, "एक तारखेपासून मीही वड्या आणीन."

आण. पहिलंच वर्ष आहे, बघू टिकतं का.