वाळूच्या पिशव्या

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय नीवेस,

तुझं कार्ड पोचलं. पावणेदोन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी वाटलं, वकिलाचंच काहीतरी असेल. पाकीट दोन दिवस फ्रीजवर तसंच पडून होतं. तुझ्या भावाचं धाडस तुला ठाऊकच आहे. तू बरी असशील. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण या वयात शरीराचं काहीतरी कुरकुरायचंच.

इकडे ऊसतोड संपत आली. कारखान्याची चिमणी अजून आठवडाभर धूर सोडेल, मग आम्ही सगळे आभाळाकडे बघत बसू. रेडिओवरचा माणूस म्हणतो, यंदा चार-पाच वादळं किनाऱ्याला लागतील. तो दरवर्षी असंच काहीतरी सांगतो. पण आता मी त्याचं ऐकतो.

घराची तयारी चालू आहे. छपराचे गंजलेले स्क्रू बदलले. पन्हाळीतून दोन बादल्या पाला आणि एक मेलेला बेडूक निघाला. आंब्याची छपरावर आलेली फांदी कापली. आपल्या आजोबांनी, नोन्नोने लावलेलं झाड म्हणून पापा तिला हात लावू द्यायचे नाहीत. आता विचारायला कोण आहे? फोटोंचे अल्बम प्लास्टिकच्या डब्यांत भरून वरच्या खोलीतल्या कपाटावर चढवले. बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, ताडपत्री, सगळं जागच्या जागी आहे. शेजारचा ब्रुनो म्हणाला, "लिव्हिओ, तू घर आवरतोयस की घर घेऊन पळून जातोयस?" दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, एवढंच मी त्याला सांगितलं.

जियान्नाचा फोन आला होता. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागल्याचं ऐकून बरं वाटलं. तुझी मुलगी मम्मासारखीच बोलते, विचारत नाही, कळवते. "लिव्हिओमामा, मी आणि छोटी खालच्या घरात राहणार. तू फक्त रंग लावून ठेव." आणि मग तुझा निरोप सांगितला. तोच तू कार्डावरही लिहिलास: मम्मा हट्टी होती, तिने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, मग त्या दिवशी तुझं कसं ऐकेल, मी तुला उगाच बोलले, ख्रिसमसला येते.

ये. जरूर ये. पण खालचं घर जियान्नाला देता येणार नाही. तिथे ओल आहे. भिंती खराब झाल्या आहेत. ती वर राहू दे, मी मागच्या खोलीत जाईन.

बाकी ठीक.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पत्र अजून टाकलं नाही. काल पोस्टापर्यंत गेलो आणि ब्रेड घेऊन परत आलो.

ओल आहे हे खोटं आहे, नीवेस. खालचं घरच आता नाही. सप्टेंबरात मी घण घेऊन चारही भिंती पाडल्या. नोन्नोने घर बांधलं तेव्हा होतं तसं पुन्हा केलं, आठ फुटी खांबांवर घर आणि खाली मोकळी जागा. नोन्नो म्हणायचा, पाहुण्याला बसायला जागा द्या आणि पाण्याला जायला. पापांना ते पटलं नाही. सगळ्यांनी खालच्या जागेला विटा लावल्या, सॉस करायला दुसरं स्वयंपाकघर केलं, तसं आपणही केलं. पापा गेल्यावर मम्माला जिना चढवेना, म्हणून मीच तिचा पलंग खाली नेला. तू तेव्हा म्हणाली होतीस, तिला माझ्याकडे पाठव. मी म्हणालो, ती ॲडलेडला गेली तर महिन्यात मरेल. मोठा उंटावरचा शहाणा होतो.

तुला सगळ्यांनी काय सांगितलं ते मला माहीत आहे, कारण सगळ्यांना ते मीच सांगितलं. पाणी वाढायला लागल्यावर मी मम्माला वर चल म्हणालो, ती ऐकेना, मग मी ब्रुनोकडे मदतीला गेलो आणि परत येईपर्यंत ओढा चढला. पोलिसांनाही हेच सांगितलं. दफनाच्या वेळी तू माझा दंड धरून विचारलंस, तेव्हाही हेच सांगितलं.

मी तिला वर चल म्हणालोच नव्हतो.

त्या आधीच्या पावसात अंगणातलं पाणी दाराखालून आत आलं होतं, जेमतेम बोटभर. पण तिचा गालिचा गेला आणि तिच्या लग्नातल्या फोटोंची पेटी भिजली. ती त्या फोटोंवर इस्त्री फिरवत बसली होती. तेव्हाच मी ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. म्हणून त्या शनिवारी सकाळीच कौन्सिलच्या आवारातून वाळू भरून आणली. खाली प्लास्टिक अंथरलं. पिशव्या विटांसारख्या सांधा मोडून रचल्या, दोन रांगा, तीन थर, प्रत्येक थर फावड्याच्या पाठीने ठोकून बसवला. सगळ्या दाराबाहेर, जाळीच्या दाराला अगदी चिकटून. ते दार बाहेर उघडतं, नीवेस. पस्तीस वर्षं बाहेरच उघडत होतं.

मम्मा आत खुर्ची घेऊन जाळीतून बघत होती. म्हणाली, "इतकं मन लावून तू लग्न केलं असतंस तर टिकलं असतं." मी हसलो. मग म्हणाली, "आणि मी बाहेर कशी येऊ?"

मी म्हणालो, "मम्मा, एवढ्या पावसात तुला कुठे नाचायला जायचंय? मी आहे ना. थांबला की काढतो."

"बरं," म्हणाली.

दुपारी एकला ओढ्यापलीकडून ब्रुनोचा फोन आला, पंप उंचावर न्यायचाय. मी तिला जाळीतूनच सांगितलं की तासाभरात येतो. पाण्याचा तेव्हा अंगणात पत्ता नव्हता. मी तिकडे पोचलो आणि अर्ध्या तासात ओढा पुलावरून वाहायला लागला.

आता जे कोणालाच सांगितलं नाही ते लिहितो. माझा फोन बंद पडला होता असं मी सांगत आलो. तो चालू होता. तीन वाजून दहा मिनिटांनी तिने फोन केला.

"लिव्हिओ, न्हाणीच्या मोरीतून पाणी वर येतंय. घाण वास येतोय."

दाराशी मी चोवीस पिशव्या लावल्या आणि मोरीच्या तोंडावर एकही नाही. तिथे एक ठेवायची असते हे इथल्या शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. मला फक्त दार दिसत होतं.

ती म्हणाली, दार ढकलून बघितलं, चार बोटं उघडतं, पुढे जात नाही. मी म्हणालो, "ढकलू नकोस, कंबर धरेल. पलंगावर बस, पाय वर घे. मी येतोच."

मग तिने विचारलं, "त्या नारिंगी कपड्यांतल्या मुलांना फोन करू का?"

ते पूर-बचाव पथक गावातच होतं. त्यांच्याकडे होडी होती. पण मला लाज वाटली, नीवेस. म्हातारीला आत ठेवून बाहेरून दार कोणी बुजवलं, असं ते विचारतील. मी म्हणालो, "नको, त्यांच्यामागे आज खूप कामं आहेत. मी येतोय. तू बसून राहा."

"बरं," म्हणाली. "हळू ये. घाई करू नकोस."

ब्रुनोच्या ट्रॅक्टरवर उभा राहून मी ओढा ओलांडला तेव्हा साडेपाच वाजले होते. दरम्यान नदीही काठ सोडून बाहेर आली होती. अंगणात पाणी छातीला लागलं. बुडी मारून हात लावला तर पिशव्या जिथल्या तिथे होत्या. एकही हलली नव्हती. ब्रुनो दोर आणायला गेला होता. मी एकट्याने, एकेक करून, पाण्याखाली त्या काढल्या, आणि काढताना चाकूने फाडल्या. वाळू वाहून गेली. फाटकी कापडं कुंपणापलीकडे उसात सोडून दिली. ती आत होती आणि मी पुरावा लपवत होतो. आधी आत जायला हवं होतं की नाही, ते तू ठरव. मला माहीत आहे, तोवर उशीर झाला होता, पण हे मला आत गेल्यावर कळलं, आधी नाही.

ती पलंगावरच होती. बाहेरचे बूट घातलेले होते, बंद नीट बांधलेले. पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळला होता. वरच्या फळीवर, जिथे पाणी पोचलं नाही, तिथे तिने फोटोंची पेटी ठेवली होती. त्या कंबरेने ती फळीपर्यंत कशी पोचली, देव जाणे. पेटी कोरडी आहे. ती या पत्रासोबत पाठवतोय, कारण तिच्यावर माझा हक्क नाही.

तू माफ केलं नसतंस तर मी हे कधीच लिहिलं नसतं. तुझा राग मी झेलत होतो, त्यात बरं चाललं होतं. पण तू तिला दोष देऊन मला सोडून दिलंस, आणि ते कार्ड फ्रीजवर ठेवून मला जेवण जाईना. आता जियान्नाची छोटीही मोठी होताना ऐकेल की तिची पणजी हट्टीपणाने बुडाली.

जाळीचं दार मी ठेवलंय. जिन्याखाली खांबाला टेकवून. त्याचा खालचा कोपरा बाहेरच्या अंगाला वाकलेला आहे. ॲल्युमिनियम आहे, आणि ढकलणारी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तू आलीस की बघ. पोलिसांकडे न्यायचं असेल तर मी स्वतः गाडीत चढवून देईन आणि शेजारी बसून येईन. हे पत्रही त्यांना दाखव. आली नाहीस तरी समजेन.

जियान्नाला सांग, वरची खोली रंगवून ठेवली आहे. तिला यायचं असेल तर. खाली काही ठेवायचं नाही, सायकलसुद्धा नाही. पाणी आलं तर इकडून येईल आणि तिकडून जाईल.

आणि एक, ते कार्डावरचं वाक्य खोडून टाक. मम्मा हट्टी होती, पण त्या दिवशी नव्हती. मी ढकलू नकोस म्हणालो, तिने पुन्हा ढकललं नाही. मी कोणाला बोलावू नकोस म्हणालो, तिने बोलावलं नाही. मी बसून राहा म्हणालो.

जन्मात एकदाच तिने ज्याचं ऐकलं, तो तुझा भाऊ,
लिव्हिओ