अण्णा फिट असल्याचा कागद

४ नोव्हेंबर, मंगळवार
अर्जदाराला फेफरं, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपण्याचा वा घेरी येण्याचा त्रास आहे का? होय. नाही. दोन गोल, त्यातल्या एकावर खूण करायची. अण्णांचं लायसन नवं करायचा अर्ज आहे आणि तासभर मी त्या दोन गोलांकडे बघत बसले आहे. उत्तर मला माहीत नाही. खरंच नाही.

अण्णा, माझे वडील, बंगळुरात बनशंकरीहून व्हाइटफील्डला ऑफिसच्या लोकांची टेम्पो ट्रॅव्हलर नेतात. असल्या गाडीचं लायसन पाच वर्षांनी नवं करावं लागतं. या २९ ला संपतंय. गेल्या खेपेला नुसत्या गोळ्या होत्या, यंदा उगादीपासून, म्हणजे पाडव्यापासून, इन्सुलिन. अर्जात शुगरचं नाव नाही, इन्सुलिनचं नाही. नुसतं 'कोणत्याही कारणाने'.

वाचून दाखवलं. पेपरातून मान न काढता म्हणाले, "नाही घाल. गेल्या वेळी काय घातलं होतंस?"

गेल्या वेळी मी पीयूसीत, बारावीत होते, न वाचता घातलं होतं. घरातले सगळे फॉर्म आठवीपासून मीच भरते. अण्णांची सहीसुद्धा मीच करते. बँकेत त्यांची स्वतःची परत येते, माझी चालते.

ऑगस्टमध्ये दारात घाम फुटून खाली बसलात, ते काय होतं, विचारलं. "ती उष्णता गं, अक्का." धाकट्या भावाचं ऐकून तेही मला अक्काच म्हणतात.

अर्ज अर्धवटच ठेवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार
अण्णा मला न विचारता झेरॉक्सवाल्या मंजुनाथकडे गेले. तो आरटीओची कामं करून देतो. मी शाळेतून परस्पर तिथे पोचले. त्याचं म्हणणं, आरटीओजवळ एक डॉक्टर बसतात, फिट असल्याचं सर्टिफिकेट दोन मिनिटांत मिळतं, इन्सुलिनचा विषय काढायचा नाही. मी प्रश्न पुन्हा वाचला. तो हसला. "टीचर, घेरी देवालासुद्धा कधीतरी आली असेल. तो लिहून देतो का?"

मग माझ्याकडे न बघता अण्णांना, "तुमच्या टीचरला शाळेतच ठेवा, अण्णा."

अण्णाही हसले. त्याचा जास्त राग आला.

आज सातवीतल्या एका मुलीचे मार्क कापले. प्रयोग न करता पुस्तकातलं उत्तर उतरवलं होतं. जे दिसलं तेच लिहायचं, म्हटलं तिला. मोठ्या तोंडाने.

८ नोव्हेंबर, शनिवार
अण्णांसमोर वही घेऊन बसले आणि त्यांचा दिवस लिहून काढला. आधी चिडले, मग सांगत गेले.

सव्वापाचला उठणं. सहाला पहिला माणूस उचलायचा. सिल्क बोर्ड, मारतहळ्ळी, प्रत्येक ठिकाणी खोळंबा. व्हाइटफील्डला पोचेपर्यंत कधी साडेआठ, कधी नऊ. मध्ये गाडी थांबवायची नाही. थांबली की कॉन्ट्रॅक्टरच्या मोबाईलवर दिसतं, लगेच फोन. ऑफिसच्या मागे, ड्रायव्हर लोक गाड्या लावतात तिथे डबा.

"मग सुई कधी?"

तिथेच. गाडीत, पडदा ओढून, शर्टाखालून. इन्सुलिनचं पेन स्टीलच्या थर्मासमध्ये गार पाण्यात. इतर ड्रायव्हरना वाटतं ताक आहे. दोन खेपा असतील त्या दिवशी सुईच नाही.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. शुगर चढलेली असली की डोकं जड होतं, पण हात जागेवर असतात. उतरली तर बारा माणसं आहेत मागे."

मी समजत होते अण्णा बेफिकीर आहेत. ते तर रोज हिशेबाने स्वतःची शुगर चढी ठेवताहेत. मागच्या बारा जणांना काही होऊ नये म्हणून स्वतःचे डोळे, पाय, किडनी... आणि त्या बाराजणांना त्यांचं नाव तरी माहीत असेल का.

कॉन्ट्रॅक्टरला सांगून टाका म्हटलं. गेल्या वर्षी एकाने सांगितलं होतं म्हणे. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर.

वही मिटली. कोणावर ओरडायचं तेच कळत नव्हतं म्हणून धाकट्यावर ओरडले.

११ नोव्हेंबर, मंगळवार
क्रमाने लिहिते.

अण्णा ऐकेनात. त्यांनी रजा टाकली, सोबत जायला मीही. साडेनऊला मंजुनाथच्या त्या डॉक्टरच्या दारात. गाळ्याएवढा दवाखाना, बाहेर बाकावर ड्रायव्हरांची रांग. मंजुनाथ सगळ्यांचे कागद घेऊन आत. दहाच्या सुमाराला अण्णा माझ्याशी कन्नडात बोलायला लागले. घरात ते माझ्याशी कधीच कन्नड बोलत नाहीत. मला विचारत होते, बस किती वाजता सुटते. कपाळावर थेंब, शर्ट पाठीला चिकटलेला.

शुगरचा मीटर माझ्या पर्समध्ये होता. बोट टोचलं. ५१. सत्तरच्या खाली धोका.

समोरच्या टपरीवरून साखर मागून आणली, चहात नाही, तशीच तोंडात घातली. हात झटकत होते, "कोण तुम्ही," म्हणाले. माझे अण्णा. मग पाणी, पुन्हा साखर, बिस्किटं. वीस मिनिटांनी डोळे ओळखीचे झाले. बाकावरचे दोघे नुसते सरकून बसले.

तेवढ्यात मंजुनाथ बाहेर आला, कागद हलवत. सर्टिफिकेट. अण्णांचा फोटो, शिक्का, सही. घेरीच्या रकान्यात नाही. गाडी चालवण्यास योग्य. शाई ओली होती.

मी आत गेले. डॉक्टर पुढच्या फोटोवर शिक्का मारत होते. सांगितलं, ज्यांना तुम्ही आत्ता फिट लिहिलंत ते बाहेर बसलेत, त्यांना मुलगी ओळखू येत नव्हती. वर बघितलंसुद्धा नाही.

"सर्टिफिकेट मिळालं ना, अम्मा? मग सरी. बाजूला व्हा."

सरी म्हणे. काय ठीक आहे यात?

रिक्षात अण्णांनी सांगितलं. डॉक्टर रक्त तपासतील, आकडा चांगला दिसावा म्हणून सकाळी सहा युनिट जास्त घेतलं. आणि काही खाल्लं नाही, कारण रक्त नेहमी उपाशीपोटीच देतात.

"परीक्षेला जाताना तू अभ्यास करून जायचीस ना?" म्हणाले. लहान तोंड करून.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भांडण. मी म्हटलं, हे सर्टि. मी जोडणार नाही. आईचं म्हणणं, झालं ते झालं, कागद मिळाला आहे, देवाची कृपा समज. "त्याच गाडीने तू शिकलीस. आता शहाणी झालीस तर गाडीच बंद करतेस?"

मी सर्टि. टेबलावर आपटलं.

सर्टि. पाकिटात घालून आईने कपाटात ठेवलं, साड्यांखाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार
अण्णांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात, इन्सुलिन सुरू करणाऱ्या मॅडमकडे. आले, मुकाट्याने.

मी सगळं सांगितलं, सुई चुकवण्यासकट. वाटलं मॅडम रागावतील. त्या अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही गाडीचा विचार केलात, चांगलं. आता गाडीचा आणि तुमचा, दोघांचा करू." इन्सुलिन आहे म्हणून कोणी गाडी चालवूच नये असं त्या मानत नाहीत. पण निघण्याआधी बोट टोचून बघायचं, खाऊन निघायचं, गोड हाताशी ठेवायचं, दोन तासांच्या आत दहा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं. सुईचं माप बदलून दिलं. आरटीओसाठी सर्टि. आणि सोबत पत्र देईन म्हणाल्या. पण खरं लिहीन, ऑगस्टचं, मंगळवारचं, सगळं. पुढच्या आठवड्यात आकडे दाखवा, मग.

अण्णांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"दहा मिनिटं कोण देणार, मॅडम?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्याकडे याचं औषध नव्हतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
चार दिवसांचे आकडे चांगले. पहाटे पावणेपाचला आई उपमा करते. ही तीच आई, मला शहाणी म्हणणारी. सिल्क बोर्डनंतरच्या पेट्रोल पंपावर अण्णा हवा बघायच्या निमित्ताने थांबतात, तेवढ्यात बोट टोचतात. रोज हवा. कॉन्ट्रॅक्टरने दोनदा विचारलं, टायर बदलू का.

हसले खूप. मग वाटलं, माणसाला रक्त बघायला टायरचं नाव सांगावं लागतं.

मॅडमचं सर्टि. आणि पत्र मिळालं. स्टाफरूममधून अर्ज उघडला. 'होय' वर खूण केली, दोन्ही कागद जोडले. शेवटी ओटीपी अण्णांच्या फोनवर. फोन केला. ते व्हाइटफील्डला, गाडीत.

"अण्णा, होय घातलंय."

मागे कुठलीतरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचा तो टुंटुं आवाज. मग अण्णांनी एकेक आकडा सावकाश वाचला, फॉर्मवाल्याला सांगावा तसा. सहाही. आणि फोन ठेवला.

इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचासुद्धा वाटला नव्हता. हे त्यांना सांगायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आरटीओ. आमच्या पुढे सातजण होते, सगळ्यांच्या कागदावर त्याच डॉक्टरचा शिक्का. सातही सुटले. अण्णांचा कागद काउंटरवर अडकला. क्लार्कने पत्र उलटसुलट केलं. "हे कोणी मागितलं होतं?"

कोणी नाही, म्हटलं. खरं आहे म्हणून जोडलं.

तो साहेबाकडे गेला. साहेबाने लांबूनच अण्णांना न्याहाळलं, जणू ते आत्ताच पडणार आहेत. परत येऊन क्लार्क म्हणाला, वरून मत मागवावं लागेल. किती दिवस? सांगता येत नाही.

अण्णांनी विचारलं, अगदी अदबीने, "सर, तोवर मी चालवू की नको?"

"२९ पर्यंत चालवा की. लायसन आहे ना."

२९ पर्यंत अण्णा फिट. ३० ला धोकादायक. ज्याने खरं लिहिलं तोच या रांगेत आजारी, बाकी सगळे ठणठणीत. त्या सातजणांत कोणाला फेफरं असेल, कोणाला दिसत नसेल. त्या ११ तारखेला अण्णा स्वतः या सातांसारखेच होते. तोंडातली साखर पचत होती आणि कागदावर फिट होते.

बाहेर आल्यावर मी रडले. रागाने. अण्णांनी नारळपाणी घेऊन दिलं. स्वतः आधी मीटर बघितला, मग दोन घोट घेतले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सगळ्यांची लायसनं तपासून गेला. नवं दाखवा, नाहीतर १ तारखेपासून गाडी दुसऱ्याकडे.

मंजुनाथ घरी येऊन गेला. हा अर्ज मागे घ्यायचा, 'नाही' घालून नवा टाकायचा, ते पहिलं सर्टि. जोडायचं, शुक्रवारपर्यंत काम. "टीचरची हौस झाली ना? आता माझं ऐका."

मी अण्णांकडे बघितलं. वाटलं, आता ते काही बोलतील. ओटीपी वाचला तसं.

तो गेल्यावर अण्णा आईला म्हणाले, माझ्याकडे पाठ करून, "ते पाकीट आहे ना गं अजून?"

त्यांच्यावर चिडायचा मला हक्क नाही. पहाटे पावणेपाचला उठून, बोट टोचून, टायरचं खोटं सांगून जो माणूस नीट वागतोय, त्याला मी काय सांगू? तरी चिडले. जेवले नाही. धाकट्याने माझ्या वाटणीचा वांगीभात खाल्ला आणि म्हणाला, अक्का, असंच रोज उपोषण कर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळी आई देवळात गेल्यावर पाकीट काढलं. शाळेत तिसऱ्या तासापर्यंत शिकवलं, मग अर्धी रजा. परिवहन खात्याच्या मोठ्या ऑफिसात तक्रार दिली. तीन पानं, कन्नडात. ११ तारखेला बाकावर काय झालं, किती वाजता, मीटरवर किती, आत शिक्का कोण मारत होतं. जे दिसलं तेच लिहिलं. पुरावा म्हणून सर्टिफिकेट, मूळ.

देताना सगळं माहीत होतं. त्यावर अण्णांचा फोटो आहे. उद्या चौकशी झाली तर पहिला प्रश्न त्यांनाच, तुम्ही हे घेतलंत का. मंजुनाथ दोन मिनिटांत दुसरं आणेल, डॉक्टर दुसऱ्या गाळ्यात बसेल, तेही माहीत आहे. अण्णांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि मी त्यांचं ऐकलं असतं.

आवक-जावकवाल्या बाई म्हणाल्या, झेरॉक्स चालेल, मूळ तुमच्याकडे ठेवा. मी म्हटलं, नाही, मूळच घ्या. त्यांनी वरपासून खाली वाचलं, माझ्याकडे बघितलं, पोचेवर शिक्का मारला.

साडेसात. अण्णा अजून आले नाहीत, सिल्क बोर्डला अडकले असतील. आईने आत्ता कपाट उघडलं. साड्यांचा आवाज, मग दुसऱ्या कप्प्यातल्या, मग पुन्हा पहिल्या.

"अक्का, पाकीट कुठे गं?"

"दिलं, आई. दुपारीच देऊन आले."