आईचा रोल

रविवार, २ डिसेंबर

चि. धाकट्या,

खूप आशीर्वाद. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले, उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतंय. दुकानात रोल धुवायला आणणारी तरुण मंडळी पुन्हा वाढली आहेत. मधली दहा वर्षं काळं कुत्रं फिरकत नव्हतं, आणि आता कानात डूल घातलेली मुलं येऊन मला सांगतात, "मॅडम, ग्रेन काय मस्त आलाय!" मी मान डोलावते. आमच्या काळी फोटोत असे ठिपके दिसले की गिऱ्हाइकं भांडायला यायची.

आमच्या भाचीबाईंना फिल्मवर फोटो काढायचं वेड लागलंय हे वाचून मजा वाटली. महागडा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे का, असं तू विचारलंस. खरं तर विचारलं नाहीसच. तू लिहिलंस, "ताई, त्यात काही अर्थ नाही हे तूच तिला सांग. तुझं ऐकेल ती. मला ती वस्तू घरात नको."

तर धंद्यातली बाई म्हणून सांगते. कॅमेरा म्हणजे शेवटी अंधाराचा डबा. महागड्यातही तीच फिल्म पडते नि स्वस्तातही तीच. शिकणाऱ्या पोरीला शटर धड असलेला जुना, साधा कॅमेरा पुरे. पैसे घालायचेच तर लेन्सवर घालावेत, आणि त्याहून जास्त फिल्मवर, कारण चार रोल वाया घालवल्याशिवाय हात बसत नाही. महागड्या कॅमेऱ्याचं म्हणशील तर त्याचा भरवसा असतो. थंडीत, घाईत, हात थरथरत असताना बटण दाबलं तरी तो आपलं काम करतो. ज्याला पुन्हा संधी मिळणार नाही, त्याने तो जरूर घ्यावा.

हे वाक्य लिहिलं आणि उठून सगळी भांडी घासून आले. आता पुन्हा बसले आहे.

तू स्कूटर विकून तुझा कॅमेरा आणलास, तेव्हा सगळ्यांत जास्त नाक मीच मुरडलं होतं. "आमच्या दुकानातल्या डबड्यानेही असेच फोटो येतात," असं चारचौघांत म्हणाले होते. त्यात जळफळाटही होता रे. दिवसभर दुसऱ्यांचे फोटो धुणारी मी, आणि फोटो काढणार तू. पण आईला त्या दुपारी तू खिडकीशी बसवलंस. कॅमेरा दिसला की उठून स्वयंपाकघरात जाणारी आपली आई अख्खा रोल संपेपर्यंत बसली, हसली, "पुरे की रे मेल्या" म्हणाली. मी तेव्हा दुकानात होते. हे सगळं तुझ्याच तोंडून ऐकलेलं. तीन आठवड्यांनी ती गेली.

तो रोल तू मोठ्या लॅबमध्ये द्यायला निघाला होतास. मीच अडवलं. आईचा रोल परक्या हातात नको, मी धुते, म्हणाले. धुतल्यावर तुला काय सांगितलं ते तुला पाठच असेल. फिल्म कॅमेऱ्यात नीट अडकलीच नव्हती, ती पुढे सरकलीच नाही, छत्तीस वेळा तू नुसतंच बटण दाबलंस. तू म्हणालास, "अगं, परत गुंडाळताना चांगली ओढ लागत होती, हाताला कळत होतं." मी म्हणाले, भास झाला असेल.

पत्राच्या शेवटी तू जाता जाता एक ओळ लिहिली आहेस. ती कोरी पट्टी तू जपून ठेवली आहेस हे मला माहीत नव्हतं. पोरीला ती तुझ्या कपाटात सापडली, आणि फिल्मच्या कडेला आकडे असतात ते हिच्यावर का नाहीत, असं ती विचारत होती म्हणे. "असतात का गं ताई?"

असतात. ते कारखान्यातच घातलेले असतात आणि फिल्म धुतली की दिसतात. फिल्म कॅमेऱ्यात सरकली नसती, तर फोटो आले नसते पण आकडे आले असते. आकडेही नाहीत, म्हणजे चूक धुताना झाली. सोळा वर्षांच्या मुलीला एका नजरेत दिसलं ते तुला अकरा वर्षांत दिसलं नाही, कारण तू माझ्या शब्दावर विसंबून होतास.

धाकट्या, मी डेव्हलपरच्या आधी फिक्सर ओतला. डेव्हलपरने चित्र उमटतं, मग फिक्सरने उरलेलं साफ होतं. फिक्सर आधी पडला तर सगळंच साफ होतं. त्या सकाळी मी फळी पुसली होती, बाटल्या धुतल्या होत्या, त्यांच्यावरच्या चिठ्ठ्या भिजून निघाल्या होत्या. नेहमीच्या जागेवरची बाटली हाताने सवयीने उचलली. ओतल्यावर तो आंबट वास आला आणि मला कळलं. फिल्म धुवायची टाकी उघडायच्या आधीच कळलं. तरी पाच मिनिटं टाकी हलवत उभी राहिले.

तू बाहेर बाकावर बसला होतास. मला बघून उठलास नि म्हणालास, "आई छान आली का गं?" खरं सांगायचं ठरवूनच मी बाहेर आले होते, देवाशप्पथ. तोंडातून दुसरंच निघालं. आणि मी भास म्हटल्यावर तू ते लगेच मान्य केलंस. आणखी थोडा भांडला असतास तर मी बोलून टाकलं असतं. बघ, अजूनही तुझ्यावरच ढकलते आहे.

महिन्याभरात तू कॅमेरा विकून टाकलास. मग घरात काही कार्य निघालं की मामा म्हणायचे, "याच्या हातात कॅमेरा देऊ नका रे, हा रिकामाच दाबतो!" सगळे हसायचे. मीही हसले आहे. तूही हसायचास, आणि मग बराच वेळ बाहेर जाऊन उभा राहायचास. मी दर वेळी तुला बघत होते आणि दर वेळी ताटं वाढायच्या निमित्ताने आत जात होते.

आणि आता तू पोरीला सांगतोस, की आपल्या घराण्याच्या हातात ही कला नाही.

म्हणून तुझ्या कॅमेऱ्याबद्दल खरं ते लिहिते. तो त्याच्या किमतीला जागला होता. तुझा हातही चुकला नव्हता. आई त्या फिल्मवर होती, छत्तीसच्या छत्तीस वेळा होती. ती गेल्यावरही चार दिवस त्या डबीत होती, फक्त दिसत नव्हती. पहिल्यांदा ती गेली त्याला कुणाचा इलाज नव्हता. दुसऱ्यांदा मी तिला घालवलं.

माफ कर असं लिहीत नाही. लिहिलं तर तू करशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग तुला धड रागावताही येणार नाही. तर रागव. हवे तितके दिवस रागव. आई गेल्यावर मला माहेरचं म्हणून तू एकटाच उरलास, तोही तुटशील या भीतीने मी इतकी वर्षं गप्प बसले. भीती अजून आहे.

पोरीला हवा तो कॅमेरा घेऊन दे. तिचे रोल दुसरीकडे धुवायला टाकलेस तरी मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त हे पत्र तिला वाचायला दे, आणि मामांनाही दे. तोंडी सांगू नकोस. तोंडी सांगताना तू मला सांभाळून घेशील.

आईचा रोल धुताना घालवणारी,
तुझी थोरली बहीण