बूट रुळेपर्यंत

२ फेब्रुवारी
निवृत्तीनंतर प्रथमच काहीतरी भव्य करायचं ठरवलं. कंपवातावरच्या संशोधनाला पैसे जमवण्यासाठी चॅरिटी वॉक निघणार आहे. शंभर किलोमीटर, पाच दिवस, एप्रिलमध्ये. शेवट आपल्याच शहरात, संशोधन केंद्राच्या दारात. हिला कंपवात होऊन तीन वर्षं झाली. नवऱ्याने नाही चालायचं तर मग कोणी? फोनवर नाव नोंदवून टाकलं. हिला सांगितलं, तुझ्यासाठी चालणार आहे. ही म्हणाली, बरं. आनंदाने बोलणं सुचलं नसावं.
नोंदणीचा फोन लवकर लागेना. फार थकलो.

५ फेब्रुवारी
फिजिओथेरपिस्ट बाई येऊन गेल्या. बाथरूममध्ये पडल्यापासून हिने घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही. धसकाच घेतलाय. बाई म्हणाल्या, रोज संध्याकाळी कोणीतरी बरोबर चाललं पाहिजे, अगदी कोपऱ्यापर्यंत का होईना. आत्ता उठल्या नाहीत तर पुढे खुर्चीतून उठणं होणार नाही. मी म्हटलं, चालण्याचं खातं सध्या माझ्याकडेच आहे, काळजी नसावी. माझा सराव आणि हिचा व्यायाम एकदमच होईल. सोमवारपासून सुरुवात.

९ फेब्रुवारी, सोमवार
बुटांशिवाय सुरुवात करणं अशास्त्रीय ठरलं असतं. म्हणून बूट आणले. दुकानदार म्हणाला, नवे बूट चावतात, महिनाभर वापरून रुळवा, मगच लांब चाला. म्हणजे बूट रुळेपर्यंत चालायचं नाही, आणि चालल्याशिवाय बूट रुळणार नाहीत. पेच आहे. दुकानात उभं राहून पाय दुखले. लवकर झोपतो.

११ फेब्रुवारी
पेच सुटला. हिचा धाकटा भाऊ! माझ्याच नंबरचा पाय. वीजमीटरचं रीडिंग घेत दिवसभर गल्लोगल्ली हिंडत असतो. बूट त्याला देऊन टाकले, रुळवायला. पाणीपुरवठा खात्यात अधीक्षक होतो मी, काम योग्य माणसावर सोपवणं मला शिकवायला नको. मेहुण्याने विचारलं, भाऊजी, बूट माझ्या पायाला रुळले तर तुम्हाला कसे बसतील? म्हटलं, नंबर एकच आहे ना? मग झालं तर. या लोकांना शंका फार.

२० फेब्रुवारी
मेहुणा रोज संध्याकाळी बूट दाखवायला येतो. तसा आदेशच दिलाय. तळ, टाच, नाडी, सगळं तपासतो. प्रगती समाधानकारक. तो येतोच आहे, तर हिला खाली फिरवून आणण्याचं कामही त्याच्याकडे वर्ग केलं. जाताना हिने विचारलं, तुम्ही येता का? म्हटलं, मी वॉकसाठी ताकद राखून ठेवतोय. ही म्हणाली, बरं.

४ मार्च
माझी तयारी जोरात. चालण्याच्या तंत्रावरचं पुस्तक आणलंय, सोफ्यावर पडून वाचतो. श्वासावरचा धडा संपला. पावलांवरचा उद्या.
मुलीचा फोन. ती नोकरीच्या गावी असते, निधी गोळा करण्याचं काम तिच्याकडे. मी लिहिलेलं आवाहन तिला आवडलं नाही. म्हणाली, बाबा, यात आईबद्दल एक ओळ तरी घाला. बघतो तर खरंच, तिचा उल्लेख राहून गेला होता. घातला. मग विचारते, तुम्ही रोज किती चालता? आवाज नीट येत नाही म्हणून फोन ठेवला.

१९ मार्च
आज दोघं बहीणभाऊ अंधार पडेपर्यंत बाहेर. ही म्हणे आता कोपऱ्यावरून वळून बागेपर्यंत जाते. जिन्यात हसण्याचा आवाज. एवढं काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही हो, तुम्हाला नाही कळायचं. चहा माझा मलाच करून घ्यावा लागला. साखर कुठे असते हे या घरात कोणी सांगत नाही.
सराव नाही. मनःस्थिती नव्हती.

५ एप्रिल
बूट ताब्यात आले. लोण्यासारखे मऊ झालेत. घातल्यावर जरा बाहेरच्या बाजूला कलल्यासारखं वाटतं. मेहुणा फेंगडा चालतो, हे लक्षात घ्यायला हवं होतं. असो. चालायला लागलो की होतील सरळ. सामान सांभाळायला त्यालाही रजा काढायला लावली आहे.

८ एप्रिल, सकाळी
निघालो. छातीवर माझ्या नंबरचा बिल्ला. सर्वांत पुढे मीच. आयोजक म्हणाले, काका, सावकाश. हसलो नुसता. ज्यांनी तयारी केलेली नसते त्यांना सावकाश सांगावं.

८ एप्रिल, दुपारी
व्हॅनमध्ये बसून लिहितोय. टाचांना, बोटांना, सगळीकडे फोड. एक बूट डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे. मधे मी. रस्त्याच्या कडेला बसकण मारली ती मारलीच. मेहुणा म्हणाला, भाऊजी, माझे जुने बूट घालून बघता? ते तर पायात शिरतच नाहीत, इतका पाय सुजलाय. एवढा थकवा मला नोकरीच्या शेवटच्या मार्चमध्येसुद्धा आला नव्हता.

९ एप्रिल
रात्रभर विचार करून व्यवहार्य तोडगा काढला. बूट मेहुण्याच्या पायात आणि माझा बिल्ला मेहुण्याच्या छातीवर. नंबर माझा, बूट माझे, वर्गणी माझ्या नावावर. म्हणजे तत्त्वतः मीच चालतोय. मेहुण्याने बूट चढवले. नाड्या बांधून चालायला लागला. कुठे लागत नाही, बोचत नाही, छान झालेत म्हणाला. मला त्यात टोमणा वाटला.

१० एप्रिल
व्हॅनचा ड्रायव्हर भला माणूस आहे. मला केळी वाटायचं काम दिलं. आजवर मी लोकांना कामं वाटली, आज केळी. चालणारे येतात, हात पुढे करतात, थँक यू काका म्हणून जातात. एक म्हातारी बाई सोलता सोलता म्हणाली, नवरा गेला याच आजारात, म्हणून चालतेय. तुमचं कोण? बायको म्हणालो. ती कशी आहे, असं विचारलं तिने. बरी आहे म्हटलं. पुढे सांगण्यासारखं काही आठवेना. केळी संपली होती.

१२ एप्रिल, रविवार
शेवटचा किलोमीटर पेशंट लोकांनी बरोबर चालायचा होता. मुलगी हिला घेऊन आली. मी व्हॅनमधून उतरून लंगडत हिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. एका स्वयंसेविकेने माझी चाल बघितली आणि पेशंटांची निळी टोपी माझ्याच डोक्यावर चढवली. हिला विचारलं, तुम्ही यांच्यासोबत का? ही हो म्हणाली.
चाललो. ही चांगली चालत होती. माझ्यापेक्षा पुढे. केंद्राच्या फाटकाशी लोक टाळ्या वाजवत होते आणि तिथेच ही थांबली. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मला वाटलं, लाजली. चल ना, सगळे बघतायत, म्हणून मी हात ओढला. ही भेलकांडली. पडलीच असती. मेहुण्याने मागून येऊन सावरलं आणि माझा हात बाजूला केला. तिच्या शेजारी उभा राहून हळूच म्हणायला लागला, एक दोन, एक दोन. चौथ्या-पाचव्या वेळी हिचा पाय उचलला. मग दोघं फाटकातून आत गेली.
नंतर मेहुणा म्हणाला, ताई अडकली की ओढायचं नसतं भाऊजी, मोजायचं असतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलंय. रोज होतं की हे.
रोज होतं. मला माहीत नव्हतं. तीन वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

१३ एप्रिल
माझ्या नावाचं प्रमाणपत्र आलं, शंभर किलोमीटर पूर्ण केल्याबद्दल. भिंतीवर लावू का, असं मुलीने विचारलं. नको म्हटलं. तिने आग्रहही केला नाही. बॅग भरून नोकरीच्या गावी गेली.

१४ एप्रिल, संध्याकाळी
मेहुण्याला फोन करून आज येऊ नको म्हणालो. हिला मीच नेलं. पायाला पट्ट्या, सपाता घालून. ही जिन्यात अडकली तेव्हा मोजलं. हळू मोजा म्हणाली, मी फार भराभर मोजतो. कोपरा यायच्या आधीच माझे फोड फुटले. एका दुकानाच्या पायरीवर बसलो. ही कठड्याला धरून माझी वाट बघत उभी. तिला नुसतं उभं राहणं चालण्याहून अवघड जातं, हे मला तिचे हात थरथरायला लागल्यावर कळलं. तिच्याच खांद्यावर हात ठेवून परत आलो.
वाटलं होतं, ही काहीतरी छान बोलेल. मी खोलीत पाय वर करून पडलो होतो. बाहेरून तिचं फोनवरचं बोलणं ऐकू आलं. भावाला सांगत होती, उद्यापासून तूच येत जा रे. ह्यांना घेऊन फिरणं मला झेपत नाही.
फार वाईट वाटलं. आवाजात राग नव्हता तिच्या. रागावली असती तर भांडता तरी आलं असतं.

१५ एप्रिल, संध्याकाळी
मेहुणा वेळेवर आला. ही आधीच तयार होऊन बसली होती. येताना ब्रेड आणते म्हणाली. मी खिडकीत खुर्ची ओढून बसलो. दोघं फाटकातून बाहेर पडली, दुकानांवरून गेली. कोपऱ्यावर ही अडकली. इतक्या लांबून कळलं मला. मी हळू, अगदी सावकाश म्हणालो, एक दोन, एक दोन. ही निघाली. अर्थात मेहुण्याच्या मोजण्याने. माझा आवाज तिथपर्यंत पोचत नाही.