कोरडा शर्ट

मालवण, मंगळवार संध्याकाळ

आज परत तीच चूक. पाणी आत न येऊ देणाऱ्या त्या ड्रायसूटमध्ये उकडलं आणि मी गळ्याची रबरी पट्टी बोटाने ओढली. बारा वर्षं पर्यटकांना समुद्राखाली नेताना हेच केलं, साध्या सूटचा गळा ओढून गार पाणी आत घेतलं. शिकवणारे सर ओरडले, "नॉर्वेत नोकरीला जाऊन असं केलंस तर गारठून मरशील!" मरेन. इथे तरी डायव्हिंगवाल्या धन्याने माझी नोकरी मला न विचारता दुसऱ्याला दिलीच ना?

मग पट्टीला हातच लावला नाही. कोरडा बाहेर आलो. सर खूश. आतल्या त्याच शर्टात घरी आलो.

बाबांनी जन्मभर जाळी ओढलेल्या हाताने शर्ट चाचपला.

"सुको आसा. मगे दर्यात गेलंस कित्याक?"