माझी मान वाजते, आई

आई,

माझी मान वाजायला लागली आहे. उजवीकडे वळवली की कटकट, डावीकडे वळवली की बारीक खरखर, सुपात वाळू घोळावी तशी, आणि वर बघितलं की एकच मोठा कट्ट. दिवाळीच्या ब्लाऊजांची गर्दी ओसरली आणि हे सुरू झालं. आधी वाटलं, खुर्ची करकरते आहे. खुर्ची बदलली. मग वाटलं, डोक्यावरचा पंखा. पंखा बंद केला तरी आवाज आपला चालूच, तेव्हा कळलं की मीच वाजते आहे. मशीन चालू असलं की ऐकू येत नाही. दुपारी मशीन थांबवून मागच्या खोलीत एकटी जेवायला बसते, आमटीचा भुरका मारून मान वर करते, आणि कट्ट. घरात दुसरं काही वाजत नसलं की एवढासा आवाजही केवढा मोठा होतो. तुझे जावई असते तर 'दोन थेंब तेल सोड' म्हणून मोकळे झाले असते. तेही गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तिकडे तुमची भेट होत असेल तर त्यांना चहा जपून दे. मागत राहतात.

मान तुझीही वाजायची. निपाणीच्या आपल्या गल्लीत, दारासमोरच्या कट्ट्यावर तुम्ही सगळ्या बायका ओळीनं बसलेल्या आहात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कातरलेली पानं, दोऱ्याचं रीळ. बोलणं चालू, हसणं चालू, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी चालू, पण मान कुणाचीच वर नाही, कारण बिडीचं तोंड दुमडताना नजर हलली की ती बिडी कारखान्यात बाजूला काढतात. ऊन उतरल्यावर तू सूप खाली ठेवतेस, मान एकदा इकडे वळवतेस, एकदा तिकडे, आणि शेजारणीलाही ऐकू जाईल असा आवाज होतो. 'आईचं दार उघडलं!' आम्ही भावंडं ओरडतो. 'उघडलं व्हय? मग बघा जा कोण आलंय त्ये. पावनं असत्याल तर च्या ठिवा,' असं म्हणून तू पदरानं मान पुसतेस आणि चुलीकडे जातेस. तुझी मान दुखते का, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आम्हाला ती गळ्यात पडायची जागा होती. आता वाटतं, दुखत असणारच. आणि आता वाटतं, कदाचित नसेलही. या दोन्हींतलं खरं कोणतं हे सांगायला तू नाहीस, एवढंच.

एकदा मी शाळेतून आले, उंबऱ्यावर बसले आणि एकेक बोट मोडायला लागले. तुझ्यासारखा आवाज मलाही काढता यायला हवा होता. तू सूप बाजूला सारून उठलीस आणि हातावर असा फटका दिलास की आवाज त्याचाच जास्त झाला. 'दिवा लावायच्या येळंला उंबऱ्यावर बसून बोटं मोडतीस? घरात दळिद्र आणायचं हाय व्हय? आन् आपली बोटं आपल्यासाठी मोडायची नसत्यात, कळलं?' मी रडत विचारलं, 'मग कुणासाठी?' तू खाली बसलीस. दोन्ही तळवे माझ्या गालांवरून उतरवलेस, स्वतःच्या कानशिलांवर बोटं टेकवलीस आणि दाबलीस. कडाकडा सगळी वाजली. 'ह्याच्यासाठी. बघ किती वाजली. लई नजर लागलीती माझ्या लेकीला.' मी काळी, नाक फताडं, पुढचे दात बाहेर. मला नजर लावायला कोण टपून बसलं होतं ते देवाला ठाऊक. पण बोटं वाजली म्हणजे नजर लागलीच असणार, हे आपल्याकडचं शास्त्र. त्या दिवसापासून कुठूनही आले की मी गाल पुढे करायची. तुझ्या बोटांना तंबाखूचा वास यायचा, त्यानं मला शिंक यायची, आणि त्या शिंकेलाही तू नजरेचाच पुरावा धरायचीस.

शिवणाच्या क्लासला घातलंस तेव्हा तू मला मापाची पिवळी टेप आणून दिलीस. बाजारातून येताना ती कमरेला खोवून आणली होतीस. 'ह्ये घे. तुझी मान तरी वर ऱ्हाईल,' म्हणालीस. आई, शिवणकामात मान वर राहते हे तुला कुणी सांगितलं होतं गं? बाजारातला शिंपी तू पाहिला होतास तो उभा राहून, गळ्यात टेप अडकवून, ऐटीत गिऱ्हाइकाचं माप घेताना. तेवढ्यावर तू माझं भवितव्य ठरवून टाकलंस. बाकीचा सगळा दिवस तो मशीनवर कसा वाकलेला असतो, हे तुला दिसणार कुठून, तुझीच मान खाली. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं होतं, पण तुला सांगायचं जिवावर आलं. तू शेवटपर्यंत गल्लीत सांगत राहिलीस, माझ्या लेकीचं काम उभ्यानं असतंय म्हणून.

लग्न होऊन बेळगावात आले आणि खडेबाजाराच्या मागच्या गल्लीत हे दुकान टाकलं. पुढे दुकान, मागे घर. दिवसभर बायका येतात. एक मराठीत भांडते, एक कानडीत, आणि उशीर झाला की दोघी हिंदीत भांडतात. मी प्रत्येकीचा गळा मोजते. मागचा किती खोल हवा, मानेच्या हाडापासून किती खाली, दोरी लावायची की नाही. टेपेचं टोक गार असतं, म्हणून बायका दचकतात आणि मग हसतात. इतक्या मानांना रोज माझा हात लागतो. माझ्या मानेला कुणाचा लागत नाही, हे मात्र ती वाजायला लागेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

नात तुझी पुण्यात असते. तू तिला रांगताना बघितलंस, आता तिच्या हाताखाली माणसं आहेत. रविवारी तिचा फोन येतो. मानेचं सांगितलं तर म्हणाली, 'आवाज म्हणजे नक्की कसला, आई?' 'थांब, ऐकवते,' म्हटलं आणि फोन मानेला लावून मान चांगली फिरवली. 'काही नाही गं, नुसती खरखर येतेय. नेटवर्क नाही वाटतं.' 'अगं, तीच ती!' मी म्हणाले. दोघी हसलो. मग तिच्या दारावर कुणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला. थोड्या वेळानं तिनं मोबाईलवर वाचायला काय काय पाठवलं. मणक्यांची झीज, दबलेल्या शिरा, हातापायातली ताकद जाणं. वाचता वाचता चहा गार झाला. मला भीती वाटली, आई. मरणाची नव्हे. मशीनवर बसल्या बसल्या कोसळले, तर कुणीतरी बाई ब्लाऊज न्यायला येईपर्यंत कुणाला कळायचं नाही, आणि तिलाही आधी वाटेल की मी उत्तर देत नाही म्हणजे तिचं काम झालेलं नाही.

म्हणून डॉक्टरकडे गेले. ही डॉक्टरीण इथल्याच कंग्राळी गावची आहे, शेतकऱ्याच्या घरातली, माझ्या लेकीहून लहान दिसते. तिनं कानडीत विचारलं, मीही कानडीतच सुरुवात केली, पण मानेतल्या खरखरीला कानडीत काय म्हणायचं ते सुचेना, तेव्हा दोघी मराठीवर आलो. 'वाजवून दाखवा बघू,' ती म्हणाली. मी मान फिरवली. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली. काही नाही! घरी दिवसभर चिवचिवणारं पोर पाहुण्यांसमोर तोंड उघडत नाही, तसं झालं. मला मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. ती हसली नाही. म्हणाली, 'असू दे काकू. सांध्यात पाणी असतं बघा, वंगणासारखं. त्यात हवेचे बुडबुडे होतात आणि मान वळवली की फुटतात. सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं. कधी स्नायूची दोरी हाडावरून सरकते, तिचाही आवाज येतो. आणि वय झालं की सांध्यातली गादी झिजते, मग खरखर होते. तुमचं काम वाकून बसायचं, म्हणजे तेही थोडं असणार.' मग एकेक विचारत गेली. हाताला मुंग्या येतात का? हातातून कात्री सुटते का? चालताना तोल जातो का? चक्कर? कुठं पडलाबिडला होता का? मी सगळ्याला नाही म्हणत गेले. 'मग घाबरायचं काही कारण न्हाय. नुसत्या आवाजानं काही होत नसतं. लई जणांची वाजते. फक्त झटका देऊन मुद्दाम मोडू नका, दुसऱ्या कुणाला तर मोडू देऊच नका. मधेमधे उठून चाला, आणि मशीन जरा उंचावर घ्या.'

छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी आलं. झालं? एवढंच? इतके दिवस माझ्याशी बोलणारं घरात एकच होतं, आणि ते म्हणे हवेचे बुडबुडे! मी पिशवी उचलणार, तेवढ्यात ती उठून माझ्या मागे आली. हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि बोटं माझ्या मानेवर ठेवली. 'एकदा बघून घेते. इथं दुखतं का?' बोटं जरा वर सरकली. 'इथं?' बोटं केसांच्या मुळापाशी आली होती. 'हां, तिथं जरा,' मी म्हणाले. तिनं तिथं बराच वेळ दाबलं, सावकाश, कणीक मळावी तसं. माझे डोळे मिटले. 'आखडलंय थोडं,' ती म्हणाली. गरम पाण्याची पिशवी, दोन साधे व्यायाम, आणि परत दाखवायला या. मी परत गेले. त्यानंतरही एकदा गेले. मशीन काही अजून उंच केलेलं नाही.

आज सांबऱ्याची एक मुलगी आली होती, आईला घेऊन. लग्न आठवड्यावर आलंय. हिरवा ब्लाऊज, मागे खोल गळा, खाली मोत्यांची लटकन. मी शिवलेला आहे म्हणून सांगत नाही, पण तिला तो असा बसला की आरशासमोरून ती हलेचना. माझे हात कधी उचलले गेले ते मला कळलं नाही. तिच्या गालांवरून उतरवले, कानशिलावर टेकवले, आणि कडाकडा सगळी बोटं वाजली. तिची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. 'आत्ता गं बया! मावशी, तुमची बोटं लई वाजली की वो!' मुलगी म्हणाली. मी तिच्याकडे मान वर करून बघितलं, आणि नेमका तेव्हाच कट्ट झाला. 'आन् ह्ये काय वाजलं?' तिनं दचकून विचारलं. फोनवरची खरखर सोडली तर इतक्या दिवसांत तो आवाज दुसऱ्या माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडला, आई. 'मान गं,' मी म्हटलं. तिचा चेहरा उतरला. 'दुखतीया व्हय?' 'न्हाय गं बाई. दुखत न्हाय, कधीच न्हाय,' मी पटकन म्हणाले. नवरीच्या मनाला उगाच कशाला लागू द्यायचं. तिनं मान डोलावली आणि परत आरशाकडे वळली, तिचं बरोबरच होतं. त्या दोघी पिशवी घेऊन पायऱ्या उतरल्या, आणि मी तिथंच टेप हातात धरून उभी राहिले. विचार न करता बोललं की तोंडातून खरं निघून जातं.

हे तुला खाकी कागदावर लिहिते आहे, मापं आखायचा असतो ना, त्यावर. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. उद्या सकाळी त्या मुलीच्या दुसऱ्या ब्लाऊजचा मागचा गळा यातूनच कापायचा आहे, म्हणजे तुझ्याशी बोललेलं निम्मं इकडे जाईल आणि निम्मं तिकडे. बोटं मात्र मी स्वतःसाठी मोडलेली नाहीत, कधीच. तुझा तेवढा शब्द पाळला आहे. दुपारी डॉक्टरीणबाईकडे जायचं आहे. ती मागे उभी राहील, हात चोळून गरम करील, मानेवर ठेवील आणि विचारील, अजून दुखतं का काकू.

मी हो म्हणणार आहे.